कोरस म्हणजे बिऱ्हाड असतं : आर्ट्स काउन्सिल इंग्लंडला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि परिषदेचे सर्व सदस्य,
आर्ट्स काउन्सिल इंग्लंड

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे पोस्टाने गेली आहे. इथे ते मराठीत लिहिते आहे, कारण जे सांगायचं आहे त्यातलं निम्मं मला मराठीतच सुचलं. शिवाय ऑपेराचा विषय निघाला की त्याचा प्रेक्षक म्हणून एक ठरावीक माणूस डोळ्यांसमोर आणला जातो : गोरा, श्रीमंत आणि म्हातारा. यातली पहिली दोन विशेषणं मला कधी लागली नाहीत. तिसरं आता लागलंय.

मी मूळची सांगलीची. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन लंडनला आले आणि पुढे तीसेक वर्षं इथल्या सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं. छाती आणि श्वास हा माझा विषय. निवृत्त झाले तरी लोकांच्या खांद्यांकडे बघून ते श्वास कुठून घेतात हे ओळखायची खोड गेलेली नाही. गायकांकडे तर मी आधी तेच बघते, गाणं नंतर ऐकते.

ज्या निर्णयाबद्दल हे पत्र आहे तो तुम्ही 4 नोव्हेंबर 2022 रोजी जाहीर केलात. मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमची परिषद इंग्लंडमधल्या कलासंस्थांना सरकारी पैसा वाटते. इंग्लिश नॅशनल ऑपेरा, म्हणजे ईएनओ, ही लंडनची ऑपेरा कंपनी. तिला तुमच्याकडून वर्षाला सुमारे 1 कोटी 26 लाख पौंड मिळत होते. त्या दिवशी तुम्ही तिला नियमित निधीच्या यादीतून काढून टाकलंत, आणि लंडनबाहेर नवं ठिकाण शोधायचं असेल तर तीन वर्षांसाठी मिळून 1 कोटी 70 लाख देऊ, असं सांगितलंत. मँचेस्टरचं नावही सुचवलंत. ओरड झाली. ब्रिन टर्फेलसारख्या गायकाने पुढाकार घेतलेल्या अर्जावर हजारो सह्या झाल्या. मग जानेवारी 2023मध्ये एका वर्षासाठी 1 कोटी 14 लाख 60 हजार आले, त्यानंतर पुढच्या दोन वर्षांसाठी 2 कोटी 40 लाखांपर्यंतची तरतूद आली, आणि स्थलांतराची मुदत मार्च 2029पर्यंत लांबली. डिसेंबर 2023मध्ये ग्रेटर मँचेस्टर हे नवं घर म्हणून जाहीर झालं.

म्हणजे कंपनी वाचली, असं तुम्ही म्हणाल. माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

आधी माझा या सगळ्याशी संबंध काय, ते सांगते. माझे आजोबा एका संगीत नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. कंपनी म्हणजे तेव्हा काय असे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मालक पगार द्यायचा, गावोगावी बिऱ्हाड हलायचं. गाणारे, साथीदार, पडदे रंगवणारा, आचारी, सगळे एका वाड्यात उतरायचे. नायकाचा गळा बसला तर दुसरा उभा राहू शकायचा, कारण त्याने तीच पदं शंभर रात्री विंगेतून ऐकलेली असायची. आजोबा म्हणायचे, मी गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, तो श्वास घेतो तेव्हा त्याच्या शेल्याचं टोक हलतं, तिकडे बघतो. पुढे ती कंपनी बंद पडली. गाणारे काही लगेच मेले नाहीत. त्यातले काही सिनेमात गेले, काही कंत्राटावर प्रयोग करू लागले. आपल्याकडे आजही नटाला 'नाईट' मिळते. प्रयोगाची नाईट घ्यायची आणि घरी जायचं. आजोबा शाळेत पेटी शिकवू लागले. अधूनमधून जुनं नाटक लागलं की त्यांना बोलावणं यायचं. ते जायचे, वाजवायचे, आणि परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत. 'सगळे चांगलं गातात गं,' एकदा म्हणाले, 'पण कुणी कुणाला ओळखत नाही.'

ऐंशीच्या दशकात मी पहिल्यांदा लंडन कोलिझियममध्ये, म्हणजे ईएनओच्या थिएटरात, गेले. त्याआधी ऑपेरा म्हणजे धिप्पाड बायका आणि काचा फुटतील असे आवाज, एवढंच ठाऊक. सोबतच्या एका आयरिश नर्सने ओढत नेलं. सगळ्यात वरची बाल्कनी, इतकी उभी की खाली वाकून पाहिलं की पोटात गोळा यावा. लागलं होतं 'रिगोलेट्टो'. जोनाथन मिलर या दिग्दर्शकाने ते न्यूयॉर्कच्या माफियांत नेऊन ठेवलं होतं. त्यातलं जगप्रसिद्ध गाणं यायच्या वेळी ड्यूक, म्हणजे इथला गुंडांचा म्होरक्या, बारमधल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकतो आणि गाणं सुरू होतं. आख्खं थिएटर हसलं. मीही हसले, कारण मला कळलं. सगळं इंग्रजीत चाललं होतं.

हेच त्या कंपनीचं वेगळेपण, आणि मला ते परकं वाटलंच नाही. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, कालिदास मराठीत आणून, मराठीत गाऊन. संस्कृत येणाऱ्यांसाठी मूळ नाटक होतंच. त्यांना ते गल्लीतल्या माणसाला ऐकवायचं होतं. गंमत बघा, त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनच्या दक्षिण भागात एमा कॉन्स या बाईंनी एक बदनाम झालेलं थिएटर ताब्यात घेऊन दारूऐवजी कॉफी विकत कामगारांसाठी गाण्याचे कार्यक्रम सुरू केले. तेच पुढचं ओल्ड व्हिक. 1912मध्ये त्यांची भाची लिलियन बेलिस हिने ते चालवायला घेतलं आणि गरिबांना परवडेल अशा दरात इंग्रजीत ऑपेरा दाखवायला लागली. 1931मध्ये तिने सॅडलर्स वेल्स हे थिएटर पुन्हा उघडलं. तिथली ऑपेरा मंडळी 1968मध्ये कोलिझियममध्ये आली, आणि 1974मध्ये तिचं नाव इंग्लिश नॅशनल ऑपेरा झालं. मूळ भाषेत, महागड्या तिकिटांत ऐकायचं तर कॉव्हेंट गार्डनचं रॉयल ऑपेरा हाऊस दहा मिनिटांच्या अंतरावर आहेच. कोलिझियम आमच्यासारख्यांचं.

एकदाच या कंपनीने भाषेचा नियम मोडलेला मी पाहिला, आणि तोही माझ्यासाठीच मोडल्यासारखा. फिलिप ग्लास या संगीतकाराचा 'सत्याग्रह'. गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, आणि सगळा ऑपेरा संस्कृतात. शब्द थेट भगवद्गीतेतले. 2007मध्ये ईएनओने तो इम्प्रॉबेबल या नाट्यसंस्थेबरोबर केला. पत्र्यांच्या भिंती, वर्तमानपत्रांच्या लगद्याचे आणि चिकटपट्टीचे अवाढव्य पुतळे. तो इतका चालला की पुन्हा पुन्हा आणावा लागला. मी दोनदा गेले. लहानपणी गीतेचे अध्याय छडीच्या धाकाने पाठ केलेले. उच्चार ऐकून आधी हसू आलं, खोटं का बोलू. पण शेवटी गांधी एकटा उभा असतो आणि चढत जाणारी तीच एक स्वरमालिका पुन्हा पुन्हा, काही केल्या न थांबता गातो. चौथ्या अध्यायातले 'यदा यदा हि धर्मस्य'चे शब्द. माझ्या शेजारी बसलेल्या इंग्रज गृहस्थांनी मध्यंतरात विचारलं होतं, तुम्हाला हे समजतं का? मी म्हटलं, शब्द समजतात, पण आज पहिल्यांदा ऐकले.

त्या संध्याकाळी सगळ्यात अवघड काम कोणी केलं असेल? कोरसने, म्हणजे समूहात गाणाऱ्यांनी. ग्लासच्या संगीतात तेच अक्षर, तोच ठेका, मिनिटामागून मिनिटं, आणि मोजणी एक मात्रा चुकली की सगळं कोसळतं. अनोळखी भाषेत, पाठ करून, हालचाली सांभाळत. चार दिवसांसाठी भाड्याने आणलेल्या गायकांचं हे काम नव्हे.

आता तुमच्या निर्णयाबद्दल ज्या तक्रारी आहेत त्या.

सगळ्यात मोठी तक्रार ही की तुम्ही पत्ता बदलायला सांगितलंत आणि त्या नादात माणसं मोडलीत. ही मोडतोड 2022मध्ये सुरू झाली असंही नाही. 2014मध्येच ईएनओचं अनुदान 1 कोटी 72 लाखांवरून सुमारे 1 कोटी 24 लाखांवर आणायचं तुम्ही ठरवलंत. ती सुमारे 28 टक्के कपात होती. 2015मध्ये कंपनीला 'विशेष व्यवस्थे'खाली, म्हणजे खास अटींवरच्या निधीवर, ठेवलंत. 2016मध्ये कोरसचे पगार कापायची वेळ आली तेव्हा त्यांनी संपाच्या बाजूने मतदान केलं, संगीत दिग्दर्शक मार्क विगल्सवर्थ यांनी राजीनामा दिला, आणि शेवटी तडजोड झाली ती वर्षाऐवजी नऊ महिन्यांच्या करारावर. योगायोग असा की त्याच वर्षी ईएनओच्या कोरस आणि ऑर्केस्ट्राला ऑपेरातल्या विशेष कामगिरीचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. एका हाताने मानचिन्ह, दुसऱ्या हाताने पगारात काट.

मग 2023. शरद ऋतूत कोलिझियममध्ये बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराचा 'पीटर ग्राइम्स' लागला होता आणि संगीत दिग्दर्शक मार्टिन ब्रॅबिन्स ऑर्केस्ट्रासमोर उभे राहून तो चालवत होते. समुद्रकाठच्या एका गावाचा एका कोळ्यावर संशय आहे. तिसऱ्या अंकात सगळं गाव त्याला शोधायला निघतं आणि एकमुखाने त्याचं नाव पुकारतं. मग एकदम शांतता. पुन्हा पुकारा, पुन्हा शांतता. त्या शांततेत मला आजोबांच्या शेल्याचं टोक आठवलं. एवढे लोक एकाच क्षणी थांबतात म्हणजे एकाच क्षणी श्वास घेतात. माझ्या पेशात हे मला कुठल्याही वॉर्डात, कुठल्याही व्यायामवर्गात कधी जमवता आलं नाही. ही वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून येणारी गोष्ट आहे. त्याच ऑक्टोबरात ऑर्केस्ट्रातल्या 19 जागा रद्द करायचा आणि उरलेल्यांना अर्धवेळ करायचा प्रस्ताव बाहेर आला. ब्रॅबिन्स यांनी ते मान्य नाही म्हणून तिथल्या तिथे राजीनामा दिला. सात वर्षांत त्याच कारणावरून गेलेला हा दुसरा संगीत दिग्दर्शक. 2024च्या सुरुवातीला पुन्हा संपाची नोटीस निघाली. संप टळला आणि वर्षातून सात महिन्यांच्या कामाच्या हमीवर गाडं थांबलं.

बारा महिने, नऊ महिने, सात महिने. पुढची पायरी आमच्याकडे 'नाईट' म्हणून ओळखली जाते.

तुम्ही म्हणाल, कंत्राट कंपनीच्या व्यवस्थापनाने केलं, आम्ही नाही. कागदावर ते बरोबर आहे. व्यवस्थापनाच्या चुकाही मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. काही नव्या निर्मिती इतक्या फसल्या की मध्यंतरात माझ्या रांगेतले निम्मे लोक कोट घेऊन निघाले. पण घराचं भाडं एका रात्रीत बंद करायचं आणि मग भांडी का विकलीस म्हणून विचारायचं, हे बरं नाही.

दुसरी तक्रार तुमच्या हिशेबाबद्दल. लंडनबाहेरच्या लोकांनाही कला मिळावी, म्हणून लंडनमधून पैसा बाहेर न्या, असं सरकारने तुम्हाला सांगितलं होतं. हेतू मला पटतो. सांगलीत वाढलेल्या माणसाला मुंबई-पुण्याच्या वर्चस्वाबद्दल कोणी व्याख्यान द्यायची गरज नाही. पण त्याच दिवशी, त्याच घोषणेत, तुम्ही वेल्श नॅशनल ऑपेराचे पैसे सुमारे एक तृतीयांशाने कापलेत. हे पैसे इंग्लंडमधल्या शहरांत दौरे करण्यासाठीच होते. परिणाम, त्यांनी लिव्हरपूलला जाणं थांबवलं. ग्लाइंडबोर्न या दुसऱ्या ऑपेरा संस्थेचं अनुदान निम्मं केलंत. त्यांनी आपला शरद ऋतूतला दौराच बंद केला, आणि 2022च्या त्या दौऱ्यात लिव्हरपूल होतं. म्हणजे मँचेस्टरला ऑपेरा द्यायचा म्हणून निघालात आणि तिथून तासाभराच्या अंतरावरच्या लिव्हरपूलचे दोन ऑपेरे काढून घेतलेत. मँचेस्टरजवळ सॅलफर्डच्या लाउरी थिएटरात लीड्सची ऑपेरा नॉर्थ कितीतरी वर्षं येते आहे, हे तुम्हाला माहीत नसणं शक्य नाही. मराठीत याला याची टोपी त्याला घालणं म्हणतात. इथे तर टोपीच हरवली.

तिसरी, लहान वाटेल पण मला टोचते ती. निर्णय 2022मध्ये घेतलात, आणि ऑपेराच्या एकूण स्थितीचा स्वतंत्र अभ्यास 2023मध्ये करायला दिलात. त्याचा अहवाल 2024मध्ये आला. वरातीमागून घोडं. मी एखाद्या रुग्णाचं आधी फुप्फुस काढून मग एक्स-रे मागितला असता तर माझी नोंदणी रद्द झाली असती.

चौथी तक्रार एका लेखाबद्दल. टीका झाल्यावर तुमच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी एका वृत्तपत्रात लिहिलं की ऑपेराने आता नव्या वाटा शोधाव्यात. कारपार्कमध्ये, पबमध्ये, टॅबलेटवर ऑपेरा व्हावा. ते वाचलं तेव्हा मी आमच्या स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. सप्टेंबर 2020मध्ये, सगळी थिएटरं बंद असताना, लंडनमध्ये ॲलेक्झांड्रा पॅलेसच्या कारपार्कमध्ये 'ला बोहेम' कोणी केला होता? ईएनओने. आम्ही गाडीत पोळीभाजीचा डबा घेऊन गेलो होतो. टाळ्यांऐवजी हॉर्न वाजत होते. स्काय आर्ट्सने तो टीव्हीवर दाखवलाही. ज्या कंपनीने कारपार्कमध्ये ऑपेरा करून दाखवला तिचे पैसे काढून घेऊन तिलाच कारपार्कमध्ये जायचा सल्ला दिलात.

टाळेबंदीचा विषय निघाला म्हणून आणखी एक. त्या वसंतात ईएनओचा कपडेपट रुग्णालयांसाठी स्क्रब्ज शिवत होता. नंतर इंपीरियल कॉलेजच्या रुग्णालयांबरोबर त्यांनी 'ईएनओ ब्रीद' सुरू केलं. कोविड जाऊनही ज्यांचा श्वास पूर्ववत होत नव्हता, अशा लोकांना घरबसल्या, पडद्यावरून, गाण्यातून श्वास शिकवायचा. गाणी कोणती? अंगाई. त्या संथ असतात, सोप्या असतात, गळा तयार नसला तरी म्हणता येतात, आणि मुळात त्या शांत करण्यासाठीच केलेल्या असतात. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. आम्ही आमच्या काही रुग्णांना तिकडे पाठवलं आणि, कबूल करते, आधी नाक मुरडलं होतं. 2022मध्ये त्यावरच्या चाचणीचे निष्कर्ष लॅन्सेटच्या श्वसनविषयक नियतकालिकात छापून आले : 150 रुग्ण, मनःस्वास्थ्यात सुधारणा, धाप लागण्याच्या काही मापांतही सुधारणा. नाक सरळ केलं. तुमच्या 'लेट्स क्रिएट' नावाच्या दहा वर्षांच्या धोरणात, कला लोकांच्या रोजच्या आयुष्यात पोचावी असं लिहिलंय ना? याहून आत कुठे पोचायचं असतं? निष्कर्ष आले त्याच वर्षी तुम्ही त्यांना यादीतून काढलंत.

आता प्रसारणाबद्दल, कारण यात तुमचा दोष कमी आणि जबाबदारी जास्त आहे. माझी बहीण मुंबईत असते. तिथे एनसीपीएमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवतात. ती जाते, मला फोन करून गायिकांच्या वरच्या सुरांबद्दल भांडते. मेटने 1931च्या नाताळात पहिल्यांदा अख्खा ऑपेरा रेडिओवरून दिला आणि 2006पासून थिएटरांत थेट दाखवायला लागलं, म्हणून हे शक्य आहे. ईएनओने 2014मध्ये 'पीटर ग्राइम्स'पासून चित्रपटगृहांत प्रयोग दाखवायला सुरुवात केली होती, पण ते पुढे रुजलं नाही. बीबीसी रेडिओ 3वर कधी एखादा प्रयोग ऐकायला मिळतो, तेवढंच. करदात्यांच्या पैशांतून उभी राहिलेली निर्मिती पाच-सात प्रयोगांनंतर गोदामात जाते. बर्मिंगहॅमच्या मुलीला ती दिसत नाही, माझ्या बहिणीला दिसत नाही. लंडनबाहेर पोचायचं असेल तर अख्खं बिऱ्हाड उचलण्याआधी चार कॅमेरे लावणं स्वस्त पडलं असतं, असं माझ्यासारख्या अडाणी बाईला वाटतं.

मँचेस्टरला माझा विरोध आहे असं कृपा करून लिहू नका. माझी नणंद तिथेच असते आणि तिला कोलिझियमला यायला जाऊन-येऊन एक दिवस आणि बरेच पौंड लागतात. ही कंपनी उत्तरेला पहिल्यांदा जाते आहे असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात सॅडलर्स वेल्सच्या इमारतीत बेघर झालेले लोक राहायला आले, तेव्हा ओल्ड व्हिक आणि सॅडलर्स वेल्सच्या मंडळींनी लँकशरमधल्या बर्नलीत तळ ठोकला. गिरणीगावांतून, लहान थिएटरांतून प्रयोग करत फिरले. त्यांना मदत करणारी युद्धकाळातली समिती म्हणजे तुमचीच आधीची पिढी. तिचंच 1946मध्ये आर्ट्स काउन्सिल झालं. माणसं कमी होती, पण होती ती एकत्र होती. म्हणून 7 जून 1945 रोजी, युरोपातली लढाई थांबून महिनाही झाला नव्हता तेव्हा, ती लंडनला परतली आणि एक नवाकोरा ऑपेरा घेऊन पडदा वर गेला. तो 'पीटर ग्राइम्स'. कंपनी मोडून बर्नलीला फक्त पाटी पाठवली असती तर त्या रात्री गावाचा पुकारा कोणी केला असता?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ईएनओला यापुढे जो पैसा द्याल तो कोरस आणि ऑर्केस्ट्राच्या पूर्ण वर्षाच्या नोकऱ्यांशी बांधा. इमारत, कार्यालय, ब्रँड हे नंतर. किती गायक आणि किती वादक कायम आहेत, हा आकडा दरवर्षी तुमच्या अहवालात छापा. मी तो शोधून वाचेन.

लिव्हरपूल आणि इतर ज्या शहरांचे दौरे बंद झाले, तिथला पैसा परत द्या. ज्याला मिळत होता त्यालाच द्या असं नाही, पण ज्या शहराचा होता त्या शहराला द्या.

21 वर्षांखालच्या मुलांना फुकट तिकीट आणि प्रयोग इंग्रजीत, या दोन गोष्टी निधीच्या अटी म्हणून लिहून घ्या. माझ्या नातवाने चौदाव्या वर्षी फुकट तिकिटावर पहिला ऑपेरा पाहिला. मध्यंतरात तो झोपला आणि तिसऱ्या अंकात जागा झाला. पुढच्या वेळी स्वतःहून आला. ही सोय स्थलांतराच्या गडबडीत हरवू शकते.

सार्वजनिक पैशांतून होणाऱ्या प्रत्येक मोठ्या ऑपेरा निर्मितीचं चित्रण झालं पाहिजे आणि ते ठरावीक काळ सगळ्यांना मोफत पाहता आलं पाहिजे. गायक-वादकांना त्याचा योग्य मोबदला द्या. तो खर्च अनुदानात धरा.

आणि 2022चा निर्णय कोणत्या माहितीवर घेतला, ती कागदपत्रं प्रसिद्ध करा. पुढच्या निधीचे निर्णय घेताना अभ्यास आधी करा. एवढं तरी.

एक खासगी विनंतीही आहे, मागणी नाही. तुमच्यापैकी जे कोणी हे वाचतील त्यांनी एकदा बाल्कनीच्या तिकिटावर कोलिझियमला यावं. आपल्याकडे मराठी थिएटरात पीट म्हणजे स्वस्त जागा, म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा मी तिकीट खिडकीवर 'पीट'चं तिकीट मागितलं होतं. खिडकीतल्या बाईंनी हसून सांगितलं, 'तिथे वादक बसतात.' वरून तो पीट पूर्ण दिसतो. पडदा वर जायच्या आधी, दिवे मंद झाल्यावर, वादक एकमेकांकडे बघतात, तेवढं बघा.

उत्तराची वाट पाहते. माझा पत्ता इंग्रजी प्रतीवर आहे.

आपली,
बाल्कनीतली एक प्रेक्षक
लंडन